स्कोप्येच्या बसमध्ये सापडलेला डबा

संध्याकाळी पावणेआठ वाजता बेलग्रेडहून आलेली बस स्कोप्येच्या स्थानकात रिकामी झाली. झाडणाऱ्याला मागच्या सीटखाली कापडी पिशवीत एक डबा सापडला. डबा भरलेला होता. त्याचा मालक बसमध्ये नव्हता.

मित्रांनो, तो डबा मीच. मी एक जुना, तीन कप्प्यांचा स्टीलचा डबा आहे. यवतमाळच्या बाजारात रजनीबाईंनी मला घेतलं आणि झाकणावर नवऱ्याचं नाव ठोकून घेतलं. नीळकंठराव तेव्हा वणीला कोळसा खाणीच्या कचेरीत होते. मी त्यांच्याबरोबर एसटीने जायचो. उन्हाळ्यात माझ्यावर काळी पूड बसायची. दुपारी झाकण निघालं की खुर्च्या जवळ सरकायच्या. "वहिनींनी भरली मिरची दिली का? मंग तुम्ही नुसती पोळी खा, नीळकंठराव," असं म्हणून सहकारी हात पुढे करायचे. पुढे नीळकंठराव निवृत्त झाले आणि मी माळ्यावर गेलो. तिथे काही वर्षं मला कोणी हात लावला नाही.

मला खाली काढलं ते त्यांच्या मुलाने, साकेतने. त्याला बेलग्रेडमध्ये इंजिनिअरची नोकरी लागली होती.

"हा जुनाट डबा कायले नेऊन राह्यला?" रजनीबाई म्हणाल्या.

"नवीन डबे गळतात आई. हा नाही गळत."

तिकडे सुट्टी मिळाली की तो बस पकडून शेजारच्या एखाद्या शहरात जायचा. तिथले लोक खातात ते खायचा आणि परतीसाठी मला भरून घ्यायचा. सारायेवोची पालक भरलेली गुंडाळी, मोस्तारची अंजिरं, स्कोप्येचा मातीच्या भांड्यात भाजलेला घेवडा, हे सगळं मी वाहिलं आहे. रात्री आईचा फोन यायचा.

"जेवला का बाबू?"

"जेवलो."

कुठे जेवलो ते तो सांगायचा नाही. घरी मटण चालत नव्हतं; सांगितलं तर तोच विषय निघाला असता.

मित्रांनो, झाकण उघडं असेल तेव्हाच मला बाहेरचं दिसतं. त्या दिवशी एका खाणावळीत माझे कप्पे भरले आणि झाकण लागलं. साकेतच्या हातून ते पुन्हा उघडलं नाही. पुढचं मला नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं. सीमेवर पासपोर्ट तपासले तेव्हा तो बसमध्ये नव्हता. फोनही बंद होता. बसने निश, लेस्कोवाच आणि व्रान्ये या तीन गावांत माणसं घेतली होती. तिकिटांवर नावं नव्हती. तो कुठून चढला हे कळेना, आणि प्रत्येक गावचे पोलीस दुसऱ्या गावाकडे बोट दाखवत होते.

झाकणावर साकेतने ऑफिसचा फोन नंबर चिकटवला होता. त्यामुळे मी त्याच्या ऑफिसात पोचलो आणि तिथून त्याच्या कपड्यांसोबत यवतमाळला आलो. वासाच्या भीतीने मला वाटेत कोणी उघडलं नाही. रजनीबाईंनी उघडलं. आत सगळं बुरसलं होतं. त्यांनी ते फेकलं आणि मला घासून पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी साकेतच्या ऑफिसातल्या गौरीचा फोन आला. ती अमरावतीची.

"काकू, डब्यात काय होतं? बस थांबली त्या तिन्ही गावांत मिरची खातातच, पण वेगवेगळी करतात. ते समजलं तर तो कुठून चढला ते समजेल."

रजनीबाईंनी ओट्यावर पालथ्या पडलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"घासला का तू?" नीळकंठरावांनी विचारलं.

"खरकटा डबा ठेवतात का घरात?"

"पोराची तेवढीच खूण होती."

"मंग तुम्ही काहून नाही उघडला? दिवसभर समोर घेऊन बसले होते."

मग त्याच फोनवर म्हणाल्या, "मिरचीच होती. वाळलेली. अन् काहीतरी कडसर. पुन्हा वास आला तर मी ओळखीन."

जूनमध्ये ते दोघं मला घेऊन बेलग्रेडला गेले आणि तिथून गौरीसोबत आम्ही बसने निघालो. निशमध्ये मिरची भाजलेली होती आणि तिला लसणाचा वास होता. ती नव्हे. लेस्कोवाचमध्ये गल्लीभर निखाऱ्यांवर मटण भाजत होतं. रजनीबाई जन्मात अशा ताटाजवळ बसल्या नव्हत्या. "तिकडे तोंड करून बसा, मले पाहू नका," असं नवऱ्याला सांगून त्यांनी एकेक ताट नाकाशी नेलं. तिथेही ती मिरची नव्हती.

व्रान्येला बसस्थानकामागे एक लहान खाणावळ होती. वाळवलेल्या लाल मिरचीत भात आणि अक्रोड भरत होते. गौरीने ती मिरची माझ्यात भरून झाकण लावलं. मला लगेच ओळखू आलं, पण मला सांगता येत नव्हतं. रजनीबाईंनी झाकण काढून बराच वेळ वास घेतला.

"हेच."

"पक्कं? घाई नको करू," नीळकंठराव म्हणाले.

"मीच फेकलं न ते."

खाणावळीतल्या बाई माझ्याकडे पाहत होत्या. असा डबा घेऊन एक मुलगा आला होता, असं त्यांनी गौरीला सांगितलं. डबा भरून घेतला आणि पळत जाऊन स्कोप्येची बस पकडली. त्यांनी त्याला चढताना पाहिलं होतं.

मित्रांनो, लांब गेलात तर घरी नुसतं 'जेवलो' कळवू नका. कुठे जेवलात तेही कळवा. घरचे रागावले तर रागावू द्या.

आता मी यवतमाळला ओट्यावर असतो. माझ्यात कोणी काही भरत नाही. व्रान्येपासून सीमेपर्यंतचा रस्ता थोडाच आहे आणि पोलीस आता तेवढाच शोधत आहेत. काल गौरीचा फोन आला होता. बसच्या ड्रायव्हरने जबाब दिला आहे. व्रान्ये सोडल्यावर सीमा येईपर्यंत बस कुठेही थांबली नव्हती, असं तो म्हणतो.