झाकणाचा आवाज

काचेच्या झाकणाच्या आतून एक थेंब ओघळत ओघळत कडेशी आला आणि तिथंच अडून बसला... पडेना. धाकटी त्याच्याकडे टक लावून बघत होती — हातात कात्री, मांडीवर कुणाची तरी अर्धवट उसवलेली पँट, आणि मनात एकच, की कोंबडी शिजतेय की नुसतीच कोमट पाण्यात लोळतेय? हाडांसकट तुकडे, गाजर, कांदा, ठेचलेलं आलं, थोडे मिरीदाणे, सगळं सकाळीच त्या विजेवर तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या स्लो कुकरमध्ये घालून तिनं बटण लावलं होतं आणि तेव्हापासून हे यंत्र गप्प. ना शिट्टी, ना खदखद. असल्या मुक्या वस्तूवर भरवसा तरी कसा ठेवायचा?

घरात एक गप्प माणूस आहे, तेवढं पुरे की.

आतल्या खोलीत ताई भिंतीकडे तोंड करून पडली होती. ऑपरेशन नीट झालं, जखमही भरत आली. डॉक्टर म्हणाले, आता फक्त पोटात अन्न जायला हवं, अंगात ताकद यायला हवी. आणि ताई दोन चमचे खायची, "छान झालंय" म्हणायची आणि वाटी सरकवायची. छान! उभ्या जन्मात ताईनं हिच्या हातच्या कशाला छान म्हटलं नव्हतं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणारी बाई ती — शेजारच्या सीटवर बसून, पाय सदानकदा आपल्या बाजूच्या ब्रेकवर, अर्ध्या गावावर ओरडलेली. "क्लच हळू सोड! हळू म्हणजे हळू, कुठं आग लागलीय का?" आणि धाकटी तिची सगळ्यांत ढ विद्यार्थिनी... एकदा भर चौकात गाडी सोडून रडत रडत घरी चालत आलेली. त्या ओरडण्याचा तेव्हा केवढा राग यायचा, आणि आता हे 'छान' ऐकवत नाही. ओरड गं बाई. काहीतरी बोल मला.

हा कुकरसुद्धा ताईनंच आणलेला. "तुला धीर म्हणून नाही, यात शिजवायला शिक." तेव्हापासून तो माळ्यावर, आजच खाली काढलेला. शिवणकामात कसं, दोन टाके घातले की कापड उलटून बघता येतं. चुकलं तर उसवायचं, पुन्हा घालायचे. तिला तीच सवय. तिनं पँट बाजूला ठेवली, सकाळपासून कितव्यांदा तरी झाकण उचललं. वाफ भसकन तोंडावर आली, चष्म्यातून दिसेना. चमच्यानं गाजर दाबून पाहिलं — टणक. झाकण ठेवलं, थोडं शिवलं, पुन्हा उठली... गाजर तसंच, मेलं. आणखी एकदा उचललं, आणि ठेवताना ते पुन्हा कडेवर आपटून ठण्णकन वाजलं.

"अगं, सारखं सारखं झाकण काय उघडतेस!"

तिचा हात तिथंच थांबला.

"सगळी ऊब घालवतेस. अशानं उद्यापर्यंत शिजायचं नाही ते. सकाळपासून ऐकतेय, ठण्ण, ठण्ण..." आवाज दमला आणि खोकल्यात बुडाला.

ऐकतेय. म्हणजे भिंतीकडे तोंड करून पडलेली ही बाई सकाळपासून स्वयंपाकघराकडे कान लावून होती! धाकटी खुर्चीत बसली. डोळे भरून आले, आणि हसूही येत होतं, काय करावं कळेना. कोंबडीचा, आल्याचा वास आता दारापर्यंत पोचला होता. तो आत, तिच्या उशीपर्यंत गेला असेल का? मिठाचं विचारेल का ती? वाटी संपवेल का? कोण जाणे... दोन चमचेच खाईल कदाचित, आजही. आता हात आवरायचा, उघडायचं नाही, ती म्हणते तसं — हळू म्हणजे हळू.

तिनं पँट मांडीवर घेतली. सुई ओवली. मग उठली, झाकण केसभर उचललं आणि मुद्दाम आपटलं.

ठण्ण.

शिजू दे तासभर उशिरा. तिनं श्वास रोखून धरला. आत खाट करकरली, आणि जमिनीवर चपला चाचपडणारा पाय ऐकू आला, की नुसता भास झाला? धाकटी स्टिअरिंगपुढं बसावं तशी ताठ बसून राहिली, बोलणी खायला अगदी तयार.