मनात हो, कागदावर नाही

व्हर्ना स्टोकलंडने तो कागद खिडकीकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. कोपऱ्यात बारीक आकडा छापलेला असतो आणि कुठला कागद कुणाचा ते त्यावरून कळतं, अशी तिची खात्री होती. आकडा सापडला नाही. त्यामुळे तिचा संशय आणखीच वाढला.

"नाव लिहायचं नाही म्हणतात," मारिसेला म्हणाली. वॉर्डात येऊन तिला सहा वर्षं झाली होती, तरी व्हर्नाच्या लेखी ती नवीच.

"नाव नको म्हणतात ना, तेव्हाच जपून राहायचं असतं, पोरी."

संशय व्हर्नाच्या पाचवीलाच पुजलेला होता म्हणा, पण त्याला कारणही होतं. पंधरा वर्षांपूर्वी इस्पितळाने असाच बिननावाचा कागद वाटला होता. तिची मैत्रीण ओपल हिने त्यात वॉर्डात माणसं कमी पडतात हे खरं खरं लिहिलं आणि महिन्याभरात ओपलला कायमची रात्रपाळी लागली. योगायोग असेलही. व्हर्ना योगायोग मानत नसे.

या वेळचा कागद गावच्या कम्युनिटी कॉलेजने छापलेला होता. आमच्याकडे दोन वर्षांचं नर्सिंग आहे, त्यावर चार वर्षांची पदवीही सुरू केली तर तुम्ही घ्याल का? हो की नाही? नाही, तर का नाही? प्रश्न साधा होता. पण कागद कॉलेजने छापला असला, तरी वाटला होता इस्पितळाच्या ऑफिसने, आणि तिथेच व्हर्नाच्या मनात पाल चुकचुकली.

"'हो' लिहिलं की काय होतं सांगू? आपल्याला येतं ते कमी आहे, असं आपणच लिहून देतो. उद्या हाच कागद नाचवतील. म्हणतील, बाई, तुम्हीच म्हणाला होतात."

"पण मला खरंच करायचंय हो," मारिसेला म्हणाली. "विद्यापीठ घाटापलीकडे. दोन पोरं पदरात घेऊन मी तिथे कधी जाऊ?"

"मग मनात कर ना. कागदावर 'नाही'."

"आणि का नाही, तिथे काय लिहू?"

व्हर्नाने कॉफीचा घोट घेतला. "लिही, 'आहे त्यात छान भागतंय, धन्यवाद.'"

"धन्यवादसुद्धा?"

"धन्यवाद लिहिलं की कुणी खोलात शिरत नाही."

व्हर्ना एकोणीस वर्षं वॉर्डची इन्चार्ज होती. तिचा शब्द मोडायची पद्धत नव्हती. आठवड्याभरात एक्केचाळीसपैकी अडतीस नर्सनी तेच वाक्य लिहून दिलं. उरलेल्या तिघी रजेवर होत्या.

चार महिन्यांनी इस्पितळाच्या फळ्यावर नोटीस लागली. येत्या एक जुलैपासून वॉर्डच्या इन्चार्जकडे चार वर्षांची पदवी हवी. शिकायला नाव घातलं असेल तरी चालेल. व्हर्नाने ती दोनदा वाचली. तिचं शिक्षण दोन वर्षांचं, याच गावच्या कॉलेजातलं. छप्पन्नाव्या वर्षी तिला पहिल्यांदाच पदवी हवीशी वाटली, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली. विद्यापीठाचा रस्ता हिवाळ्यात चार महिने बर्फाने बंद असे. ऑनलाइनची फी ऐकून तिचा नवरा आर्विड म्हणाला, "एवढ्यात तर नवा ट्रक येईल!" राहिलं गावचं कॉलेज. तिथेही तिला वाटलंच, की इस्पितळ आणि कॉलेज या दोघांचं आतून साटंलोटं असणार. एकाने खड्डा खणायचा, दुसऱ्याने शिडी विकायची.

तरीही, कॉलेजला पदवी सुरू करू द्यायची का, यावरच्या सुनावणीला ती गेली. फक्त ऐकायला. कॉलेजच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या आणि राज्याच्या शिक्षण मंडळाचे तिघे समोर बसले होते. मारिसेला तिच्या शेजारी होती. कॉलेजच्या बाईंनी घाटाबद्दल आणि बर्फाबद्दल सांगितलं. मग विद्यापीठाचे प्राध्यापक व्हिटलो उठले.

"दोन वर्षांची कॉलेजं एक काम उत्तम करतात," ते म्हणाले. "त्यांच्या गळ्यात पदवीही बांधली, तर ते काम दुबळं होईल आणि पदवी पातळ होईल. रोग्याच्या उशाशी मला पातळ पदवी नको."

माणूस वाईट बोलत नव्हता. आपल्याकडच्या जागा रिकाम्या राहतील ही त्याची खरी भीती आहे, असा संशय नसता, तर व्हर्नाने मान डोलावली असती.

"आणि मुळात हवीय कुणाला ही पदवी?" त्यांनी पडद्यावर कॉलेजच्याच पाहणीचा कागद दाखवला. "या खोऱ्यातल्या अडतीस नर्सनी 'नाही' म्हटलंय. कारण सगळ्यांचं एकच. 'आहे त्यात छान भागतंय, धन्यवाद.' इतकं स्पष्ट मत मी आयुष्यात पाहिलं नाही."

व्हर्नाने पडद्यावरचं वाक्य पुन्हा वाचलं. अडतीस जणी शब्दाला शब्द तेच लिहितात, आणि एवढ्या शिकलेल्या माणसाला त्यात काही खटकत नाही! आपल्याच पायावर पाडलेला धोंडा पडद्यावर केवढा मोठा दिसत होता. मारिसेलाने तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती मांडीवरच्या पर्सचा पट्टा गुंडाळत राहिली.

बोलायचं असेल तर दाराशी नाव, पत्ता आणि सही द्यावी लागत होती. व्हर्ना उठली. तिने पूर्ण नाव लिहिलं, घराच्या नंबरासकट पत्ता लिहिला, आणि माइकपाशी गेली.

"ते वाक्य माझं आहे," ती म्हणाली. "धन्यवादासकट."

मागे कुणीतरी हसलं.

"मी सांगितलं म्हणून बाकीच्यांनी लिहिलं. मला वाटलं, इस्पितळाचा सापळा आहे. या बायकांना शिकायचंय हो. त्यांना तेव्हाही शिकायचं होतं. मलाही शिकायचंय."

मंडळाच्या अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तेव्हा लिहिलं ते खोटं?"

"हो."

"मग बाई, आज तुम्ही सांगताय ते तरी खरं कशावरून?"

 त्या खुर्चीत व्हर्ना असती, तर तिनेही हेच विचारलं असतं. "कशावरूनच नाही," ती म्हणाली आणि जागेवर येऊन बसली.

मंडळाने कॉलेजचा अर्ज परत पाठवला. नव्याने पाहणी करा, दोन वर्षांनी बघू. एक जुलैला व्हर्नाने इन्चार्जकडे असायचा तो वॉर्डचा फोन घाटापलीकडून आलेल्या एका तरुण नर्सच्या हातात दिला. मुलगा सभ्य होता. फोन घेताना तो "सॉरी" म्हणाला, आणि सहा नंबरच्या आजोबांना गोळी कशाबरोबर देतात तेही त्याने तिलाच विचारलं. तिने सांगितलं. "सफरचंदाच्या गरात चुरडून. पाण्याबरोबर थुंकतात ते."

पाहणीचा नवा कागद ऑक्टोबरात आला. प्रश्न तोच होता. व्हर्नाने तो खिडकीकडे धरला नाही. तिने 'हो'वर खूण केली आणि खाली कोऱ्या जागेत आपलं पूर्ण नाव लिहिलं.

"नाव विचारलेलं नाहीये," टेबलापलीकडून मारिसेला म्हणाली.

"माहितीय मला."

मारिसेलाने आपला कागद पुढे ओढला. मग डावा हात कागदाभोवती आडवा ठेवला, शाळेत मुलं नक्कल होऊ नये म्हणून ठेवतात तसा, आणि मान खाली घालून खूण केली. व्हर्नाला काही दिसलं नाही. विचारायचा हक्कही आता राहिला नव्हता. ती उठली, टेबलाकडे पाठ करून नळापाशी उभी राहिली आणि स्वच्छ झालेला कप पुन्हा पुन्हा विसळत राहिली.