मेंदीच्या पानामागचा हुकूम

“बटन तुमीच दाबलं, मॅडम. कंप्युटर कायले खोटं बोलन?” संघाचे व्यवस्थापक भुपेंद्र साहेब भर हॉलमध्ये म्हणाले, आणि सगळ्या माना रत्नमालाबाईंकडे वळल्या.

पवनीजवळच्या एका मच्छीमार संघात त्या अकरा वर्षं कंत्राटी ऑपरेटर. कोणत्या गावाला कोणता तलाव दिला, हे सांगणारं सगळं सॉफ्टवेअर सकाळी सर्व्हरवरून पुसलं गेलं होतं, आणि नोंदीत नाव बाईंचं. सॉफ्टवेअर दुपारी बॅकअपवरून परत आलं. बाईंची अब्रू काही तशी परत येणार नव्हती, आणि कंत्राट तर गेल्यातच जमा होतं.

सर्व्हर ज्या पानावरून चालवायचा, ते कन्सोल बाई सकाळी उघडत ते संध्याकाळीच बंद करत. तिथलं नेटच असं, की एकदा बाहेर पडलं तर पुन्हा आत शिरायला अर्धा तास जायचा. साहेबांनीच तसं सांगून ठेवलं होतं.

सर्व्हरवाल्या कंपनीची इंजिनिअर तृप्ती नागपूरहून आली होती. बाईंच्या लेकीच्या वयाची. तिनं विचारलं, “त्या वेळेस बाजूले दुसरं काही उघडलं होतं का, काकू?”

नाही म्हणणं किती सोपं होतं! बाई म्हणाल्या, “हो. भाचीच्या लग्नासाठी मेंदीचे डिझाइन पाहून राहिली होती. मोबाइलवर लिंक आली होती कोनाची तरी, तेच याच कंप्युटरवर उघडली.”

साहेब हसले. तृप्ती मात्र सरसावून बसली. तिनं ते पान आतून तपासलं. मेंदीच्या चित्रांमागे एक छुपा फॉर्म होता. पान उघडताच त्यानं कन्सोलला पुसण्याचा हुकूम धाडला, आणि कन्सोल उघडंच असल्यानं ब्राउझरनं त्या हुकमाला बाईंच्या लॉगिनची ओळख आपसूक जोडून दिली.

“हुकूम आला कुठून, हे कन्सोलनं तपासायले पाहिजे होतं,” तृप्ती म्हणाली. “त्याची दुरुस्ती चार महिन्यांपासून आमच्याकडे पडून हाये. आमीच बसवली नाही.”

तिनं अहवाल तसाच लिहिला: चूक कंपनीची, ऑपरेटरनं खरं सांगितलं म्हणून कारण सापडलं. या ओळीपायी पोरीला वरून बोलणी बसणार, हे बाईंना कळत होतं. त्यांचे डोळे भरून आले. आपल्यासाठी एवढं कोणी कधी लिहिलं नव्हतं.

त्यांनी तो कागद उचलून साहेबांपुढे ठेवला. “साहेब, मघा सगळ्याईपुढे बोलले तुमी. हेबी सगळ्याईपुढेच वाचा.”

साहेबांनी चष्मा पुसला आणि वाचू लागले. बाई हात जोडून उभ्या होत्या. तोंड मात्र तृप्तीकडे होतं.