अकरा मिनिटांचा पुरावा

प्रत्येक मोठी शाळा एका विचारावर उभी असते. गावातलं सरकारी हायस्कूलही एका विचारावर उभं होतं. तो विचार नेमका कोणता, हे विचारायला मात्र साठ वर्षांत कोणाला सवड झाली नव्हती.

विचार असणार याची खात्री वेळापत्रकामुळे पटत असे. ते मुख्य दाराशेजारी, दोन माणसांना उचलावा लागेल एवढ्या लाकडी फळ्यावर रंगवलेलं होतं. शाळा दहा सत्तेचाळीसला भरे. पहिला तास त्रेचाळीस मिनिटांचा, दुसरा सदतीस मिनिटांचा, तिसरा एकेचाळीस मिनिटांचा. तिसरा संपला की बारा अठ्ठेचाळीस ते बारा एकोणसाठ या वेळेचा एक रकाना होता आणि त्यात नुसती आडवी रेघ होती. ही मधली सुट्टी नव्हती. मधली सुट्टी पुढे होती, एकोणतीस मिनिटांची. ही नुसती अकरा मिनिटं होती. त्यांत मुलांनी काय करायचं याबद्दल फळा गप्प असल्यामुळे मुलं त्यांना हवं ते करत आणि शिक्षक ते न पाहण्याचं काम करत.

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत तेव्हाच्या हेडमास्तरांनी लिहिलं होतं की, बालमनाला भरती-ओहोटी असते आणि आद्य हेडमास्तरांनी ती मोजली होती. सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत पीटीच्या सरांनी भरती-ओहोटीच्या जागी नाडीचे ठोके घातले. बाकी लेख तोच होता. दोन्ही वेळा पाहुण्यांनी भाषणात ‘काळाच्या पुढे’ असा शब्द वापरला. शाळा बाकी शाळांपेक्षा तेरा मिनिटं अलीकडे भरते म्हणून असेल.

हीरकमहोत्सवाच्या वर्षी मोठ्या बाई बदलून आल्या. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका, आणि त्या गणिताच्या होत्या. पहिल्या दिवशी त्यांनी फळा पाहिला, खिशातलं पेन काढलं आणि तिथेच उभ्या उभ्या आकडेमोड केली. मग इतिहासाच्या सरांना बोलावलं. स्मरणिकेत शाळेचा इतिहास लिहायचं काम त्यांच्याकडे होतं, कारण इतिहासाचा माणूस तोच, आणि नाही म्हणायची सवय नसलेलाही तोच.

“सर, सोमवारपासून आठ तास, प्रत्येकी चाळीस मिनिटं. शाळा अकराला भरेल, जगात भरते तशी.”

“आणि ती अकरा मिनिटं?”

“ती कशासाठी आहेत?”

“बाई, आद्य हेडमास्तरांनी...”

“ठरवलं, हे वाचलं मी. दोन्ही स्मरणिकांत. का ठरवलं? शनिवारपर्यंत लेखी पुरावा आणा, मी हात लावणार नाही. भरती-ओहोटी चालणार नाही. इथून समुद्र सहा तासांवर आहे.”

सर बाहेर आले तर दाराशी मावशी उभ्या. मावशी म्हणजे शाळेची शिपाईबाई. छपराला टांगलेला रुळाचा तुकडा हातोडीने वाजवून दिवसाचे सगळे टोल त्याच देत. त्या दाराला कान लावत नसत. दार बंदच होत नसे, त्यामुळे त्याची गरज नव्हती.

“सर, ती अकरा मिनिटं जाणार का हो?”

“पुरावा मिळाला नाही तर जातील.”

“मग शोधा की. एवढे राजे शोधता, त्यांच्या पणज्या शोधता.”

“मावशी, तुमचं काय अडलंय त्यात?”

अडलेलं काय ते सगळ्या शाळेला माहीत होतं, पण ते कोणी अधिकृतपणे पाहिलेलं नव्हतं. मावशींचं घर रस्त्यापलीकडे. घरात सासरे, वय शहाऐंशी, तीन वर्षं अंथरुणावर. बारा अठ्ठेचाळीसचा टोल दिला की मावशी हातोडी कोनाड्यात ठेवून रस्ता ओलांडायच्या, म्हाताऱ्याला कुशीवर वळवायच्या, चार घास भरवून एक वाजताची गोळी द्यायच्या, तोंड पुसायच्या आणि पदर खोचत बारा एकोणसाठच्या टोलाला हजर. तीन वर्षांत हा टोल एकदाच चुकला होता, तोही वेळेआधी पडून. त्या दिवशी म्हाताऱ्याने एकच घास खाल्ला होता.

“मधल्या सुट्टीत जात जा की,” सर म्हणाले.

“मधल्या सुट्टीत फाटक उघडं असतं, तिथे कोण उभं राहील? तुम्ही? मागच्या वर्षी पाच मिनिटं उभे राहिलात, सातवीचा अख्खा वर्ग आमच्या ओट्यावर येऊन बसला होता.”

सरांनी तीन दिवस दप्तरखान्यात घालवले. दप्तरखाना म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे साठ वर्षांची हजेरीपुस्तकं, एक मोडका सांगाडा आणि मांजराची तिसरी पिढी नांदत होती. आद्य हेडमास्तरांच्या हातची एक वही सापडली. तिच्यात त्यांनी खिडक्यांना बिजागऱ्या मागितल्या होत्या, परत मागितल्या होत्या, आणि मग आपण बिजागऱ्या मागितल्याची आठवण करून दिली होती. बालमनाबद्दल एक ओळ नव्हती. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी मात्र एवढंच होतं : ‘वेळापत्रकाचा फळा मिळाला. चिंता मिटली.’

शुक्रवारी बारा अठ्ठेचाळीसला टोल पडला तेव्हा सर मावशींबरोबर निघाले. पुढचा तास त्यांना मोकळा होता. शिवाय पुरावा नाही हे सांगायला तोंड हवं, आणि ते कमवायला निदान म्हाताऱ्याची विचारपूस तरी करावी, असं त्यांना वाटलं.

खोली एका खाटेची. खिडकी शाळेच्या बाजूला. म्हातारा डोळे मिटून पडला होता.

“चहा,” तो म्हणाला.

“चहा हवाय का त्यांना?” सरांनी विचारलं.

“छे हो. टोल पडला ना.” मावशींनी त्याला कुशीवर घेतलं. “मामंजींचं असंच आहे. प्रत्येक टोलाला एक शब्द. सकाळी पहिला पडला की ‘सुटली’ म्हणतात. वयच झालंय. मामंजी, आ करा. सर आलेत शाळेतले.”

मावशींनी घड्याळ न पाहता सगळं उरकलं आणि त्या धावत गेल्या. सर स्टुलावर बसून राहिले. बारा एकोणसाठचा टोल पडला.

“खाण,” म्हातारा म्हणाला आणि डोळे उघडून सरांकडे पाहिलं. “मास्तर, तुम्ही कुठे उतरणार?”

सरांना आधी आपल्या बदलीबद्दल विचारतोय असं वाटलं. मग त्यांनी स्टूल पुढे ओढलं.

“आजोबा, खाणीच्या आधी काय असतं?”

“खाणीच्या आधी चहा. अकरा मिनिटं. त्याच्या आधी तुरुंग, बारा सातला. त्याच्या आधी पूल, साडेअकराला. दहा सत्तेचाळीसला इथून सुटते.”

“काय सुटते?”

“गाडी,” म्हातारा म्हणाला. एवढा शिकलेला माणूस आणि हे विचारतो, अशा नजरेने. “बंदराची गाडी. वीस वर्षं चालवली मी. तिचा फळा तुमच्याकडेच आहे की.”

“आमच्याकडे?”

“नवा स्टँड झाला, नवा फळा आला. जुना पडून होता. तुमचे पहिले मास्तर आले, म्हणाले, शाळा उद्या उघडायची, फळा नाही, पेंटर आकड्यांना हात लावायला तयार नाही, म्हणतो आकडे वळत नाहीत. म्हटलं, यावर आकडे तयार आहेत, घेऊन जा. माझ्याच गाडीच्या टपावर टाकून आणला. पेंटरने वरची गावं रंगाने झाकली आणि विषय लिहिले. चहाच्या जागी काय लिहायचं त्याला सुचलं नाही, त्याने रेघ ओढली.”

“आणि हे तुम्ही साठ वर्षं कोणाला सांगितलं नाही?”

“कोणी विचारलं नाही.”

शाळा सुटल्यावर, चार बावन्नच्या टोलानंतर, सर एक स्टीलची पट्टी घेऊन फळ्यापाशी गेले. गणिताचा एक कोपरा हलकेच खरवडला. खालून पिवळा ‘पू’ निघाला. विज्ञानाखाली तुरुंग होता. आपल्या स्वतःच्या विषयाखाली ‘शेवटचा थांबा’ निघाला तेव्हा त्यांनी पट्टी थोडा वेळ खाली ठेवली. मग आडव्या रेघेखाली हात घातला आणि तिथे स्वच्छ अक्षरांत निघालं : ‘चालक चहा, ११ मि.’

“सर, शाळेच्या मालमत्तेवर पट्टी चालवताय?”

मोठ्या बाई मागे उभ्या होत्या. सव्वीस वर्षं मुलांना पुरावा म्हणजे काय ते शिकवणाऱ्या माणसाला ऐन वेळी खोटं सुचलं नाही. त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी चष्मा पुसला, फळ्याजवळ जाऊन वाचलं, आणि म्हणाल्या, “म्हणजे साठ वर्षं या गावातली मुलं तुरुंगापासून खाणीपर्यंत...”

“विज्ञान ते भूगोल. हो.”

“आणि भरती-ओहोटी?”

“गाडी बंदरापर्यंत जायची. तेवढाच संबंध.”

मावशी कुलूप घेऊन कोपऱ्यात उभ्या होत्या. त्यांना फळ्यावरचं वाचता आलं होतं. ‘चहा’ वाचून त्यांचं तोंड उतरलं. हा काही पुरावा म्हणून चालणार नाही, हे त्यांनाही कळत होतं.

“मग सोमवारपासून चाळीस-चाळीस,” सर म्हणाले. “पेंटरला मीच निरोप देतो.”

“कशाला?”

“नवीन वेळा रंगवायला. आधी जुना रंग पूर्ण काढावा लागेल, नाहीतर नवा धरत नाही.”

बाईंनी फळ्याकडे पाहिलं. मग फळ्यासमोरच्या फाटकाकडे, फाटकासमोरच्या रस्त्याकडे, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांकडे, ज्यांतले निम्मे याच शाळेतून सुटलेले होते. पेंटरला फळ्याला दोन दिवस लागले असते. पेंटरच्या तोंडाला दोन मिनिटं. सोहळा पंधरा दिवसांवर होता आणि पाहुण्यांनी ‘काळाच्या पुढे’ असं भाषण आधीच लिहून पाठवलं होतं.

“मावशी,” बाई म्हणाल्या, “भांडारात काळा रंग आहे?”

“अर्धा डबा आहे, बाई. खिडक्यांचा.”

“ब्रश आणा.”

बाईंनी स्वतः रंग लावला. आधी तुरुंग झाकला, मग पूल, मग शेवटचा थांबा, आणि त्यावर पांढऱ्या रंगाने विषय पुन्हा लिहिले, पूर्वीपेक्षा सुबक. चहापाशी येऊन त्या थांबल्या. मावशींकडे न बघता त्यांनी विचारलं, “तुमच्या सासऱ्यांना एकचीच गोळी असते ना?”

“तुम्हाला कसं...?”

“माझी खोली रस्त्याच्या बाजूला आहे. तुम्ही जाताना चालता आणि येताना पळता. याच आठवड्यात मोजलं मी. साडेदहा मिनिटं लागतात.” त्यांनी रेघ काळजीपूर्वक ओढली. “वेळापत्रक आहे तसंच राहील. सर, स्मरणिकेत काय लिहाल?”

“खरं तेवढंच.”

“किती खरं?”

स्मरणिकेत छापून आलं ते असं : ‘शाळेचं वेळापत्रक शाळा सुरू होण्यापूर्वीच पूर्णपणे तयार होतं. आद्य हेडमास्तरांनी ते मिळताच, चिंता मिटली, अशी नोंद केली आहे.’ सोहळ्यात पाहुण्यांनी हे वाक्य दोनदा वाचून दाखवलं. पीटीच्या सरांनी उठून टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी बारा अठ्ठेचाळीसच्या टोलानंतर सर स्मरणिकेची प्रत घेऊन म्हाताऱ्याकडे गेले. मावशी घास भरवत होत्या. सरांनी ते वाक्य मोठ्याने वाचलं. म्हाताऱ्याने ऐकलं, घास गिळला आणि मान हलवली.

“आजोबा, पण अकरा मिनिटांत तुमचा चहा व्हायचा का?”

“कुठला चहा, मास्तर,” म्हातारा म्हणाला. “गाडी रोज अर्धा तास उशिरा असायची. मी तिथे कधी थांबलोच नाही.”