चाळीस टक्के पाऊस

सोमवारी सकाळी विहाराच्या खांबावरचा भोंगा खाकरला, तेव्हा लमाई उन्हाळी भात खालच्या गल्लीच्या डांबरावर पसरत होती.

"ऐका हो," भोंग्यातून सरपंच थोंगबाय बोलला, "जिल्ह्यावरनं आठवड्याचं हवामान आलंय. आपल्याकडं चाळीस टक्के भागात पाऊस, बाकी कोरडं. कुणाला काय, ते दुपारी सांगतो."

नोंगपाय गावात कुणालाच नवल वाटलं नाही. वरून खत यायचं, घोंगड्या यायच्या, एका साली बदकाची पिल्लं आली होती. सगळं थोंगबायच वाटायचा. मग पाऊस दुसरं कोण वाटणार?

दुपारी त्यानं चिंचेखाली नकाशा पसरला. "तळं, मसणवट आन् खालची गल्ली. झालं चाळीस टक्के."

"आरं, खालच्या गल्लीत माझं भात वाळतंय की!" लमाई उसळली. "तीन उन्हं न्हाई मिळाली तर मोड येतील. वर्साचं खाणं हाय माझं!"

"सरकारी कागद हाय, लमाई. मी काय घरचा पाऊस पाडतोय?"

"तुझी गल्ली बरी कोरडी ऱ्हायली!"

"भागच तसा पडला."

लमाई तणतणत घरी आली. गवती चहाची तीन ताटं उपटली आणि अंगणात उलटी रोवली; शेंडे मातीत, मुळं आभाळाकडं. पाऊस अडवायचा हा उपाय खराच, पण ज्या बाईला पुरुषाचा हात लागला नाही तिनंच करायचा. म्हणून तर ढग आले की गावातल्या साऱ्या पोरींना नेमकं परगावी काम निघायचं. लमाई त्रेसष्ट वर्षांची, बिनलग्नाची. तिनं चारचौघांदेखत रोवली.

"आन् पडला तर?" शेजारणीनं विचारलं.

"भात जाईल."

"आन् नाव?"

"त्येबी जाईल."

बुधवारी पाऊस आला तो कागद न वाचताच. तळं, मसणवट, सरपंचाची गल्ली, सगळं एका मापानं धुतलं. बेडकं जीव वाचवायला छपरावर चढली म्हणतात. मी आठच मोजली. लमाई ओलं भात पोत्यात कोंबत होती आणि विहाराच्या वळचणीला उभं गाव फिदीफिदी हसत होतं.

"मावशे, कोण व्हता गं त्यो?"

त्रेसष्ट वर्षं ती एकटी निजली होती, साक्षीला दोन म्हशी. तेच सांगायला तिनं तोंड उघडलं, तर सगळ्यांत मोठ्यानं थोंगबायच हसताना दिसला. तिनं तोंड मिटलं, नव्या नवरीसारखी नजर खाली घातली.

"जाऊ द्या," ती म्हणाली. "नातवंडं झाली आता त्येला. कागद वाचतो, भोंग्यावर बोलतो. कशाला इज्जत घालवू?"

हसू थांबलं. सरपंचाची बायको चानपेन हळूच नवऱ्याकडं वळली. "म्हून व्हय हिच्याच गल्लीत पाऊस घातलास? आम्हाला संशय नको म्हून?"

"अगं, पर मी..."

"घरी चल!"

संध्याकाळी लमाईचं भात सरपंचाच्या ओसरीवर दोन पंख्यांखाली पसरलं होतं, आणि थोंगबाय स्वतः फावडं घेऊन दर घटकेला ते उलथत होता.

पुढच्या सोमवारी भोंगा पुन्हा खाकरला. "या आठवड्यात साठ टक्के भागात पाऊस..." मागून बाईमाणसाची कुजबुज झाली. मग पडेल आवाजात, "खालची गल्ली सोडून."

लमाईनं उलटा गवती चहा उपटला, धुतला आणि माशाच्या रश्श्यात टाकला.