दोन खऱ्या, एक खोटी

माझा धंदा माणसांना खेळवायचा. कारखान्यात, ऑफिसात, जिथून बोलावणं येईल तिथं जातो, चांगल्या थोराड बायाबाप्यांना गोल उभं करतो आणि दिवसभर खेळ घेतो. माझ्या कार्डावर याला भारदस्त नाव छापलंय. बायको म्हणते, "मोठ्या माणसांची बालवाडी." तिचं काही चूक नाही, पण पाहुण्यांसमोर म्हणते तेव्हा मला राग येतो.

या धंद्याला फुगे, खडू, चेंडू यापेक्षा नजर लागते. कोण मागे मागे सरकतंय, कोण शेजारच्याचं बघून हसतंय, कोणाचं कोणाशी वाजलंय, हे पहिल्या दहा मिनिटांत ओळखावं लागतं. मला ते ओळखता येतं, आणि ओळखता येतं याचा मला माज होता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मला अंग चोरता यायचं नाही.

गेल्या वर्षी दप्तरं शिवणाऱ्या एका कारखान्यातून बोलावणं आलं. तीसेक बायका शिवणाच्या मशीनवर, आणि कोपऱ्यात कापायचं मशीन. उभं, धारदार पातं, कापडाचे वीस-वीस थर एका दमात कापणारं. त्या मशीनवर अकरा वर्षं एकच बाई उभी राहायची. तिला सगळे तोंडावर 'कात्री' म्हणायचे. तिच्याइतकं सरळ कापड कोणी कापत नसे म्हणून, आणि जिभेला धार होती म्हणूनही. तिची नणंद पलीकडे शिवणाच्या मशीनवर बसायची. दोघी एका घरातून यायच्या, एका डब्यात जेवायच्या, आणि एकमेकींच्या नवऱ्यांची यथेच्छ टिंगल करायच्या. त्यातला एक नवरा दुसरीचा भाऊच होता, तरी तिला काही वाटत नसे.

मालाच्या खोलीतली खोकी भिंतीला सारून आम्ही जागा केली होती. मॅनेजरसाहेबांना मी बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. मग हात वर करून माझं नेहमीचं वाक्य म्हणालो, "इथं बोललेलं इथंच राहील. साहेबांच्या कानावर जाणार नाही. शब्द देतो." चौदा वर्षं मी हे वाक्य म्हणतोय. ते ऐकलं की माणसं जरा सैल होतात आणि दिवस चांगला जातो.

पहिला खेळ सोपा होता. प्रत्येकानं स्वतःबद्दल तीन गोष्टी सांगायच्या. दोन खऱ्या, एक खोटी. बाकीच्यांनी खोटी ओळखायची. बायका आधी लाजल्या, मग सुटल्या. कात्रीची पाळी आली तशी ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"एक. लग्नाआधी मी सायकलच्या शर्यतीत पहिली आले होते. दोन. मला पोहता येतं. तीन. मला डाव्या डोळ्यानं काही म्हणजे काही दिसत नाही."

"तिसरी! तिसरी खोटी!" एकच गलका झाला.

"आंधळी म्हणे! दोरा वाकडा गेला तर तिथून ओरडते ही," कोणीतरी म्हणालं.

"पकडलंत गं बायांनो," कात्रीनं हात जोडले. सगळ्या पोट धरून हसल्या. नणंद मात्र हसली नाही. ती आपल्या चपलेकडे बघत होती, आणि ते मी टिपलं.

दुपारी चेंडूचा खेळ होता. गोलात कोणीही कोणाकडेही टाकायचा. कात्रीकडे उजवीकडून आलेला प्रत्येक चेंडू तिनं झेलला. डावीकडून आलेले चारही सुटले, एक तर तिच्या खांद्यावर आपटला तेव्हा तिला कळलं. "भोकं पडलीत माझ्या हातांना आज," ती म्हणाली आणि चेंडू शोधायला खोक्यांमागे गेली. मला मनातल्या मनात केवढा आनंद झाला म्हणून सांगू. कोडं सुटलं होतं. तीस जणींनी जे खोटं धरलं ते खरं होतं, आणि ते एकट्या मला कळलं होतं.

तो आनंद मला पचला नाही. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांच्या खोलीत चहा आला. माणूस वाईट नव्हता. दिवस कसा गेला, बायका रमल्या का, असं विचारत होता. मी बिस्कीट बुडवत म्हणालो, "साहेब, तुमची ती कापणारी बाई भारी आहे हं. सगळ्यांसमोर खरं सांगितलं, आणि सगळ्यांना खोटं वाटलं!" मग रंगवून सांगितलं. सायकल, पोहणं, डोळा, चेंडू. कुठल्या बाजूचे सुटले तेही हातानं करून दाखवलं. साहेब हसले. मीही हसत होतो. साहेबांचं हसू आधी थांबलं, तरी मी आणखी थोडा वेळ हसतच राहिलो.

"म्हणजे डावा डोळा पूर्ण गेलाय?" त्यांनी विचारलं.

"छे हो, आपला माझा अंदाज," मी म्हणालो. बिस्कीट तुटून चहात पडलं होतं. ते मी चमच्यानं काढत बसलो.

पुढे काय झालं ते मला वर्षभरानं कळलं, तेही साहेबांच्याच तोंडून, फोनवर. "सर, तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं. दुसऱ्याच आठवड्यात तिचा डोळा तपासून घेतला. सहा वर्षांपूर्वीच गेलेला निघाला! लगेच मशीनवरून काढलं. तुमचं नाव कुठंही घेतलं नाही हं मी. आता ती शिवलेल्या दप्तरांचे दोरे तोडते." दोरे तोडायला नव्या मुलींना बसवतात, हे मला माहीत होतं. साहेब पुढे म्हणाले, "पण एक भानगड झालीय. त्या नणंद-भावजयांचं बोलणं बंद झालंय. वर्ष झालं. त्या दोघींपायी मजल्यावर दोन तट पडलेत. काम अडतं. या एकदा, आणि त्यांना एकत्र आणणारा एखादा खेळ घ्या."

मी येतो म्हणालो. नाही म्हणायला काही कारण सांगावं लागलं असतं.

आठवडाभर मी खेळ आखत बसलो. खरं तर स्वतःशी भांडत बसलो. उद्या पात्याखाली तिची बोटं गेली असती तर? कोणीतरी सांगायलाच हवं होतं ना? हा मुद्दा बिनतोड होता, आणि दर वेळी तो मांडून झाला की मला शरमेनं कानकोंडं व्हायला होई. कारण चहा पिताना तिच्या बोटांचा विचार माझ्या डोक्यात आलाच नव्हता. सहा वर्षं एका डोळ्यानं तिनं बोटं सांभाळली होती. मी तिला हशासाठी विकलं होतं. बायकोनं विचारलं, "झोपेत कुणाला समजावत असता?" मी म्हणालो, "कामाचं आहे."

ठरल्या दिवशी त्याच खोलीत सगळ्या जमल्या. कात्री उजव्या भिंतीशी, नणंद डाव्या. हात वर करून म्हणायचं ते वाक्य मी या वेळी गाळलं. मी थेट जोड्या लावल्या आणि शेवटी त्या दोघींना एकत्र ठेवलं. प्रत्येक जोडीला एक काळा कागद आणि एकच खडू. दोघींनी मिळून तो खडू धरायचा आणि न बोलता घर काढायचं. कुठं छप्पर वाकडं होत होतं, कुठं दार आभाळात जात होतं, खोली खिदळत होती. त्या दोघींचा खडू मात्र एका जागी दाबून धरलेला होता. कागदावर नुसता ठिपका होता. मग खडू मोडला.

मी जवळ गेलो. माझं कामच होतं ते.

"मी नाही सांगितलं, वहिनी," नणंद दबक्या आवाजात म्हणत होती. "किती वेळा सांगू? आईशप्पथ नाही सांगितलं."

"मग भिंतींनी सांगितलं? तुझ्याशिवाय ठाऊक कुणाला होतं? तुझ्या भावालासुद्धा नव्हतं."

"तूच नाही का इथं सगळ्यांसमोर बोललीस?"

"ते सगळ्यांनी खोटं धरलं. आणि साहेब होते कुठं तेव्हा?" कात्रीनं मोडका खडू खोक्यावर ठेवला. मग माझ्याकडे बघून जरा ओशाळली. "माफ करा हं सर, तुमचा खेळ बिघडवला. तुमच्यावर राग नाही आमचा. त्या दिवशी तर मी घरी जाईपर्यंत हसत होते. सहा वर्षं पोटात ठेवलेलं, एकदा मोठ्यानं म्हणून बघावंसं वाटलं. म्हटलं, आणि सगळ्या हसल्या. फार हलकं वाटलं मला. तुमचे उपकारच आहेत ते."



"ताई," मी म्हणालो, "मी सांगितलं."

दोघींना कळलं नाही. मला परत म्हणावं लागलं, आणि दुसऱ्यांदा म्हणणं जास्त अवघड होतं. "साहेबांना मी सांगितलं. त्याच संध्याकाळी, चहा घेताना. चेंडू डावीकडून सुटत होते त्यावरून मला कळलं. गंमत म्हणून सांगितलं. तुमच्या हाताला काही होऊ नये म्हणून..."

"गंमत म्हणून, ना?" कात्री म्हणाली. "मग तेवढंच सांगा."

"हो. गंमत म्हणून."

नणंदेला रडू फुटलं. रडतानाच ती माझ्यावर उसळली, "एवढं सगळं दिसलं तुम्हाला! आणि गप्प बसायचं असतं, एवढं दिसलं नाही?"

 कात्रीच्या लेखी माझं तिथं असणंच संपलं होतं. ती नणंदेकडे वळली. "वर्षभर तुझ्या हातचं पाणी प्यायले नाही गं मी," ती म्हणाली. "आजारी होतीस तेव्हा तुझ्या खोलीच्या दारातून परत फिरले." नणंदेनं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि दोघी तिथंच, खोक्यांच्या मध्ये, एकमेकींना धरून रडायला लागल्या. बाकीच्या जोड्यांचे खडू थांबले. आमचं बोलणं त्यांना ऐकू गेलं नव्हतं. त्यांना दिसल्या त्या फक्त दोघी, गळ्यात गळा घातलेल्या. एकीनं टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या.

आवाज ऐकून साहेब दार उघडून आत आले आणि दारातच थबकले. "वा सर, वा!" ते म्हणाले. "वर्षभरात आम्हाला जमलं नाही ते तुम्ही तासाभरात केलंत! मानलं बुवा तुम्हाला." त्यांनी खिशातून पेन काढलं. "हा खेळ आमच्या दुसऱ्या कारखान्यातही घेऊ. काय नाव याचं?"

त्या दोघींनी डोकं वर केलं. ही मिठी कशामुळे झाली ते खोलीतल्या सगळ्यांत फक्त त्या दोघींना माहीत होतं, आणि दोघी माझ्याकडे बघत होत्या. बोलायला एवढी सोपी जागा मला पुन्हा मिळणार नव्हती. ज्या बाईची मी जागा घालवली होती ती समोर होती, ज्यांना सांगून घालवली ते साहेब समोर होते, आणि ऐकायला सगळा मजला होता.

"एक खडू, दोन हात," मी म्हणालो. नाव मी तिथल्या तिथं ठेवलं.

साहेबांनी ते लिहून घेतलं. टाळ्यांचा जोर वाढला. कात्रीनं नणंदेचे डोळे पदरानं पुसले, तिचा हात धरला आणि माझ्या शेजारून दाराकडे निघून गेली. आणि मी, टाळ्या वाजल्या की चौदा वर्षं लववतो तशी, सगळ्यांसमोर मान लववली.