आधी उत्तर, मग झोका

मी बोलतोय, नाशिकच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेतला पितळी लंबक. दिसायला सुपारीएवढा, पण कुणाच्या हो ला हो करणारा नाही. दोऱ्याला लटकून झुलायचं आणि पृथ्वी मला किती जोरानं ओढते ते सांगायचं, हे माझं काम.

एकाहत्तर साली इथं आलो तेव्हा वाटलं, पोरं माझं ऐकतील. कसलं काय! पुस्तकात पृथ्वीच्या ओढीचं उत्तर, सेंटिमीटरच्या मापात, छापलेलं: नऊशे ऐंशी. पोरं तेच आधी लिहायची आणि उलटा हिशेब करून माझ्या झोक्यांचे आकडे वहीत भरायची. मी झुललो काय नि कपाटात पडून राहिलो काय, सारखंच. फार राग यायचा मला.

एकदा वाल्मीक सर शिकवताना म्हणाले, "विश्व जन्मलं तेव्हाही गुरुत्वाकर्षण एवढंच होतं, की ते हळूहळू कमी होत आलंय? काही शास्त्रज्ञांना अजून शंका आहे."

"मग कळणार कसं, सर?" चांगुणानं विचारलं. तिचे वडील एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कामाला होते.

"जे येईल ते खरं लिहून."

वर्ग हसला. चांगुणा हसली नाही.

वार्षिक परीक्षेत मी तिच्या वाट्याला आलो. उत्तर आलं नऊशे सत्तर. बाहेरगावचे परीक्षक म्हणाले, "ऐंशी कर नि मोकळी हो. नाहीतर नापास होशील."

"आलं तेच लिहिलंय, सर. ऐंशीच लिहायचं तर याला झुलवायचं कशाला?"

नापास झाली. वर्ष वाया गेलं.

पुढच्या वर्षी ती आली ती थेट माझ्याकडे. चूक तिनं शोधून काढलीच. दोरा माझ्या कडीपर्यंत मोजला होता, तो माझ्या पोटाच्या मध्यापर्यंत मोजायला हवा. सगळेच तसं चुकायचे, पण उलट्या हिशेबात ते कळणार कुणाला? या खेपेला परीक्षेत उत्तर आलं नऊशे अठ्ठ्याहत्तर.

"दोनच तर कमी आहेत, कर की ऐंशी," शेजारच्या टेबलावरची पोरगी कुजबुजली.

"नाही करायचे," चांगुणा म्हणाली. अठ्ठ्याहत्तर लिहिले आणि पास झाली.

आता सत्त्याऐंशी साल आहे. माझी कडी झिजली आहे, पोरांचा उलटा हिशेब तसाच आहे. विश्वाच्या आरंभी काय होतं ते मला ठाऊक नाही, ते जुना उजेड घेऊन येणारे तारे सांगतील. पण त्यांच्याही तोंडात तुम्ही आधीच उत्तर कोंबणार असाल, तर त्यांनी बोलावं तरी कशाला? मला झुलवा आणि मी सांगतो ते लिहा. उद्या पृथ्वीची ओढ खरंच बदलली, तर माझा झोका बदलेल. तुमच्या वहीत मात्र नऊशे ऐंशीच असेल.